पक्कं मडकं

नोकरी लागली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि आपल्याला गोष्टी सांगता येतात याचा मला फार अभिमान होता. शाळा धायरीच्या पलीकडच्या एका वाडीत होती. आता तो सगळा भाग पुण्यात गेला. तेव्हा तिथे कांदा, ज्वारी आणि कालव्याच्या कडेच्या बाभळी होत्या. मी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांतून निघत असे, स्वारगेटला बस धरत असे, फाट्यावर उतरून पुढे अर्धा तास चालत असे. शाळेत दोन वर्गखोल्या, चार इयत्ता आणि दोन शिक्षक. एक मुख्याध्यापक आणि एक मी.

रोज सकाळी मुलांना अंगणात ओळीत उभं करून प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि शेवटी एक बोधकथा असा क्रम होता. मुख्याध्यापकांना गोष्टी सांगायचा कंटाळा. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "तुम्ही शहरातल्या, वाचलेल्या. बोधकथा आजपासून तुमच्याकडे."

मला ते काम मनापासून आवडलं. पण पंधरा दिवसांत लक्षात आलं, की मला माहीत असलेले सगळे कोल्हे, कावळे आणि राजे या मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून आधीच भेटलेले आहेत. मी तोंड उघडायच्या आत मुलं शेवट सांगून मोकळी व्हायची. मग मी स्वतःच गोष्टी रचायला लागले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, की फाटा येईपर्यंत एक गोष्ट जुळायची. मंडईत भाजी विकणाऱ्या एका बाईची गोष्ट मी केली होती. ती गिऱ्हाईक कितीही खडूस असलं तरी न मागता चार काड्या कोथिंबीर पिशवीत टाकते, आणि एके दिवशी ती आजारी पडल्यावर तीच खडूस गिऱ्हाइकं तिची टोपली राखत बसतात. गोष्ट संपल्यावर मी तात्पर्य विचारलं. मागच्या ओळीतून उत्तर आलं, "बाई, कोथिंबीर आमचाच बा देतो मंडईत. आजारी पडला तवा कुनी बी आलं न्हाई." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला वाटलं, मुलांना गोष्टीतलं खरंखोटं चांगलं कळतं.

तसं बोलणारी ती मुलगी. तेव्हा तिसरीत होती. रंगानं सावळी, पायानं चपळ, आणि ऐकताना तिचे ओठ आपोआप हलत. मी सांगत असलेलं वाक्य ती माझ्या मागोमाग मनात म्हणत असे. दुपारच्या सुट्टीत तीच गोष्ट ती पहिलीतल्या पोरांना सांगताना मी ऐकली आहे. घरी गेल्यावर आईला सांगे. तिची आई शेतात खुरपायला जायची, तिथल्या बायका म्हणत, "आज बाईंनी काय सांगितलं गं?" आणि ही बांधावर उभी राहून माझ्यासारखा पदर खोचल्याचा आव आणून सांगे. हे मला तिच्या आईनंच सांगितलं होतं, हसत हसत. एखाद्या शिक्षिकेला यापेक्षा काय हवं?

ती चौथीत गेली त्या वर्षी मी मडक्याची गोष्ट रचली. ती पूर्ण माझी होती. कुठे वाचलेली नव्हती, कुणाकडून ऐकलेली नव्हती. एका कुंभारानं दोन मडकी घडवली आणि भट्टीत ठेवली. आच लागली तसं पहिलं मडकं ओरडायला लागलं, भाजतंय, मला बाहेर काढ. कुंभाराला दया आली, त्यानं ते काढलं. दुसरं मडकं गप्प राहिलं. ते भट्टी विझेपर्यंत आत राहिलं आणि लाल, खणखणीत होऊन बाहेर आलं. पुढे उन्हाळा आला. पहिल्या मडक्यात पाणी ओतलं तर त्याचा चिखल झाला. दुसऱ्या मडक्यानं साऱ्या घराची तहान भागवली.

मी गोष्ट संपवली. मुलं गप्प होती, म्हणजे गोष्ट लागली होती. तेवढ्यात तिनं हात वर केला.

"बाई, पन पहिल्या मडक्याचं काय चुकलं? त्याला भाजत व्हतं म्हनून ते बोललं."

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, "भाजलं तरी बोलायचं नाही, हेच तर शिकायचं आहे. बोललं ते कच्चं राहिलं."

तिनं मान हलवली. तिला पटलं की नाही, मी पाहिलं नाही. घंटा झाली होती.

त्या वर्षी संक्रांतीनंतर आसपासच्या शाळांची मिळून एक कथाकथन स्पर्धा ठरली. मी तिचं नाव दिलं आणि गोष्ट कुठली सांगशील असं विचारलं. ती लगेच म्हणाली, "मडक्याची." आम्ही रोज शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सराव करत असू. मी खुर्चीवर परीक्षक होऊन बसे आणि ती समोर उभी राहून सांगे. 'मडकं' म्हणताना ती दोन्ही हातांनी हवेत गोल घडवायची. ते मी शिकवलेलं नव्हतं.

स्पर्धा शनिवारी होती. गुरुवारी सकाळी ती थोडी उशिरा आली आणि भिंतीला टेकून बसली. दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडलंच नाही. मी विचारलं, "काय गं, जेवत का नाहीस?" "भूक न्हाई बाई." स्पर्धेची धास्ती असेल, असं मला वाटलं. मला स्वतःला लहानपणी वक्तृत्व स्पर्धेच्या आधी असंच व्हायचं. शुक्रवारी सरावाला ती जरा वाकून उभी राहिली. मी म्हणाले, "ताठ उभी राहा. आवाज वाढव." ती ताठ उभी राहिली आणि तिनं आवाज वाढवला.

शनिवारी मी तिला शेजारच्या गावातल्या शाळेत घेऊन गेले. तिथे पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. तिचा नंबर सातवा होता. ती उभी राहिली तेव्हा थंडी असूनही तिच्या कपाळावर घाम होता. गोष्ट तिनं फार सुंदर सांगितली. इतर मुलं हातवारे करून, ओरडून सांगत होती; ही हळू, एकेक शब्द ठेवत सांगत होती, आणि ऐकणाऱ्यांना पुढे सरकून ऐकावं लागत होतं. तिला दुसरा नंबर मिळाला. स्टीलचा पेला बक्षीस होता. परीक्षकांपैकी एक गृहस्थ मला म्हणाले, "काय संयम आहे हो पोरीत!" मी मान वर करून ते शब्द घेतले.

परत येताना वाटेत रसाचं गुऱ्हाळ लागलं. मी कौतुकानं तिला रस घेऊन दिला. दोन घोट घेतले आणि ती बाजूला जाऊन ओकली. मी तिची पाठ चोळली, तोंड धुवून दिलं.

"पोटात दुखतंय का गं?"

"न्हाई बाई."

असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. त्या हसण्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. तिला वाटलं, मी तिची परीक्षा घेते आहे आणि ती त्यात उत्तीर्ण झाली आहे. मी तिला घरापर्यंत सोडलं. तिची आई शेतात होती. मी पेला चुलीजवळच्या फळीवर ठेवला, तिला म्हटलं, "आता झोप जरा," आणि माझी बस गाठायला निघाले.

सोमवारी शाळेत गेले तर अंगणात मुलं ओळीत नव्हती, घोळका करून उभी होती. मुख्याध्यापक पायरीवर बसले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं. रविवारी सकाळी ती उठलीच नाही. अंग तापानं फणफणलेलं, पोट टणक झालेलं. बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणि तिथून टेम्पोनं तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, पण विष सगळीकडे पसरलं होतं. दुपारी ती गेली. डॉक्टर तिच्या वडिलांना म्हणाले होते, "एवढं दुखत असताना पोर बोलली कशी नाही? दोन दिवस आधी आणायला हवी होती."

मुख्याध्यापक हे सांगत होते आणि मी मनात दिवस मोजत होते. शनिवार, शुक्रवार, गुरुवार.

दहाव्या दिवसानंतर मी तिच्या घरी गेले. त्याआधी जायची माझी हिंमत झाली नाही. वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते, त्यांनी मान वळवली नाही. आईनं माझ्यासाठी पोतं अंथरलं आणि समोर बसली. ती म्हणाली, "बाई, पोरगी एका शब्दानं बोलली न्हाई. म्या इचारलं तर म्हनायची, आई, मी पक्कं मडकं हाय. तुमी लई चांगलं शिकवलं व्हतं तिला."

ती टोमणा मारत नव्हती. आम्हा पेठेतल्या लोकांना टोमणा बरोबर ओळखू येतो, आम्ही त्यातच वाढतो. टोमणा असता तर मी तो घेतला असता, रडले असते, पाया पडले असते. पण ती खरोखरच मला धन्यवाद देत होती. तिनं फळीवरून तो पेला काढला, पदरानं पुसला आणि त्यातून मला पाणी दिलं. मी ते प्यायले. मडक्याची गोष्ट झाल्यावर अंगणात मुलगी मला काय म्हणाली होती आणि मी तिला काय म्हणाले होते, हे मी सांगितलं नाही. उठले, चपला घातल्या आणि बाहेर आले. कालव्यापर्यंत चालले आणि तिथे बाभळीखाली बसून राहिले. त्या दिवशी माझ्या दोन बस गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञा झाल्यावर मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, गोष्ट."

"मला आता गोष्ट सांगता येणार नाही."

"आज नको?"

"कधीच नको."

त्यांनी कारण विचारलं नाही. ते तसे कोरडे गृहस्थ होते, पण त्यांना काहीतरी कळलं असावं. ते स्वतः पुढे झाले आणि कुठल्याशा सशाची गोष्ट अडखळत सांगून मोकळे झाले. पुढे मी ती शाळा सोडेपर्यंत रोजची गोष्ट तेच सांगत राहिले. मी मात्र एक नवीन सवय लावली. गोष्ट झाली, की मी ओळीच्या पुढून मागे चालत जायची आणि प्रत्येकाला विचारायची, "काही दुखतंय का?" मुलं आधी हसायची. मग कुणी ठेच दाखवायला लागलं, कुणी दाढ, कुणी खरूज. एका मुलीचा कान वाहत होता आणि ती महिनाभर कुणाला बोलली नव्हती. तिला मी स्वतः डॉक्टरकडे नेलं. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "बाई, शाळा चालवतोय का दवाखाना?" मी म्हटलं, "दोन्ही नीट चालत नाहीत, तेव्हा एक तरी करू द्या." एरवी असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

पुढे माझी बदली झाली. मग आणखी एक. लग्न झालं, मुलं झाली. माझ्या स्वतःच्या मुलांना मी गोष्टी सांगितल्या नाहीत. नवरा म्हणायचा, "जगभरच्या पोरांना शिकवतेस आणि घरात दोघांना एक गोष्ट सांगायला होत नाही?" मी म्हणायचे, "तुम्ही सांगा ना." तो सांगायचा. मी स्वयंपाकघरात कान देऊन ऐकायची, आणि गोष्टीच्या शेवटी कुणी निमूट सोसलं, की माझी तव्यावरची पोळी करपायची. त्यालाही मी कधी सांगितलं नाही.

निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एका दुपारी दारावरची बेल वाजली. दारात नऊवारी नेसलेली एक वयस्क बाई उभी होती, हातात लग्नाची पत्रिका. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "बाई, मी वाडीवरची," आणि मग मुलीचं नाव घेतलं. मी दाराची चौकट धरली.

तिला मी आत बसवलं. तिच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं, पस्तिशी गाठल्यावर कुठे जमलेलं. माझा पत्ता जुन्या मुख्याध्यापकांच्या घरून काढत ती आली होती. कांद्याचं शेत आता राहिलं नव्हतं. तिथे सात मजली इमारत उभी होती आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांना घरं मिळाली होती. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. हे सगळं ती सांगत होती आणि मी हो-हो करत होते. चहा ठेवायला उठले, आणि ओट्याशी उभी राहून मला वाटलं, आज बोलले नाही तर मी हे घेऊनच मरेन.

चहा तसाच ठेवून मी बाहेर आले आणि तिच्यासमोर बसले. "मला तुम्हाला एक सांगायचं आहे." मग मी सगळं सांगितलं. मुलीनं हात वर करून विचारलेला प्रश्न. माझं उत्तर. गुरुवारचं न सोडलेलं भाकरीचं फडकं. "ताठ उभी राहा." रसाच्या दुकानाशी ओकणं. मी म्हणाले, "तिला बोलायचं होतं हो. मीच तिला बोलू नको म्हणून शिकवलं."

ती पत्रिकेच्या कडेवरून अंगठा फिरवत ऐकत होती. रडली नाही. पत्रिका मांडीवर ठेवून म्हणाली,

"बाई, ती बोलली व्हती."

मला समजलं नाही.

"बेस्तरवारी सकाळी. कांद्याची लागन चालली व्हती. माझ्या मागं मागं शेतात आली आन म्हनली, आई, लई दुखतंय, दवाखान्यात जाऊ. पानी सोडायची पाळी आमची दुपारपत्तूरच व्हती. म्या म्हनलं, तू पक्कं मडकं हायेस ना गं? मंग? येवढं चार वाफं हूं दे, मंग बघू. जा साळंत. तिनं आयकलं. गेली. परत काय बोलली न्हाई."

"मग त्या दिवशी तुम्ही मला…"

"हे बसलेलं व्हतं ना भिताडापाशी. त्यास्नी कळलं असतं तर? म्हनून म्या म्हनलं, एका शब्दानं बोलली न्हाई. आन मंग तेच सांगत ऱ्हायले समद्यास्नी. हे गेलं तरी सांगितलं न्हाई."

आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. तिनं माझ्यावर राग धरावा, असं मला वाटत होतं आणि तिला वाटत असावं, मी तिच्यावर धरावा. दोघींनाही ते जमलं नाही. मी तिला "तुमची काही चूक नाही" असं म्हणाले नाही. ते खरं नव्हतं, आणि माझ्याविषयीही खरं नव्हतं. मी उठून तिच्या शेजारी कोचावर जाऊन बसले. तेव्हा ती रडली. हुंदका न काढता, तोंडावर पदर दाबून. मी तिचा हात पदरावरून खाली ओढला आणि म्हटलं, "मोठ्यानं रडा. घरात कुणी नाही." मग ती मोठ्यानं रडली आणि मीही. शेजारच्या वहिनी दार ठोठावून विचारून गेल्या.

लग्नाला मी गेले. तिनं मला नवरदेवाजवळ नेलं आणि सांगितलं, "ह्या तुज्या ताईच्या बाई." मुलगा वाकून पाया पडला. ताई गेली तेव्हा तो अंगावर पिणारा होता, त्याला तिचा चेहरा आठवणं शक्य नव्हतं. त्यानं विचारलं, "कशी होती हो ताई? आई काहीच सांगत नाही." मांडवात लाऊडस्पीकर चालू होता, लोक अक्षता घेऊन उभे होते. मी त्याला म्हटलं, "चपळ होती. आणि शंका विचारायची. सगळ्या वर्गात ती एकटीच विचारायची." त्याला आणखी ऐकायचं होतं, पण भटजींनी त्याला बोलावलं.

त्यानंतर त्याची आई अधूनमधून येते. कधी कात्रजहून बहिणीकडून परतताना उतरते, कधी नुसतीच येते. आता तिला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून मी खाली जाते आणि आम्ही सोसायटीच्या बाकावर बसतो. मुलीविषयी बोलतो. ती आज असती तर किती वर्षांची असती, याचा हिशेब दोघींचा कधी जमत नाही. एक-दोन वर्षांचा फरक पडतो. तिच्या आईला ती संसारात दिसते, दोन पोरांची आई. मला ती वर्गात उभी दिसते. मागच्या वेळी तिची आई म्हणाली, "बाई, तिचा आवाज आता मला आठवंना झालाय." मला आठवतो. पण तो कसा होता हे सांगायला मला शब्द सापडले नाहीत, आणि आम्ही रिक्षा येईपर्यंत तशाच बसून राहिलो.